नावाड्याचं आमंत्रण

कैरोत येऊन दोन महिने झाले तरी मस्लियानीला त्या शहरातली एकच गोष्ट खात्रीनं माहीत होती: आपल्या खोलीतल्या पंख्याला चार पाती आहेत. सकाळी वर्गात जायचं, वर्गातून घरी यायचं, आणि मग पलंगावर आडवं पडून फोन. फोनात मार्तापुरा होतं. बोर्निओतलं नदीकाठचं तिचं गाव, वडिलांची मोटारबोट, मामेबहिणीच्या लग्नाची साडेतीनशे छायाचित्रं, आज बाजारात कुठला मासा आला याची चर्चा. फोन खाली ठेवला की कैरो सुरू व्हायचं, म्हणून ती फोन खाली ठेवतच नसे.

एकोणीस वर्षांची पोर. गावातल्या मदरशात पहिली आलेली. तिची अरबी एवढी शुद्ध की तिचे मौलवी डोळे मिटून ऐकायचे. आणि इथे कैरोत पहिल्याच आठवड्यात गल्लीच्या कोपऱ्यावर पालेभाजी विकणाऱ्या बाईपुढे उभं राहून तिनं विचारलं होतं, "हे माते, या हरित पर्णांचे मूल्य किती आहे?"

बाईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! ही रेडिओवरची बातम्या देणारी खाली कशी उतरली?"

शेजारचा लिंबूवाला हसून हसून खोकायला लागला. मस्लियानी तशीच माघारी फिरली आणि त्यानंतर भाजी आणायची पाळी आली की ती काहीतरी सबब काढायची.

दर्रासा नावाच्या वस्तीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सहा मुली राहायच्या, सहाही एकाच बेटावरच्या. बोली घरची, भात घरचा, भांडणंसुद्धा घरचीच. त्यांतली रुस्मियाती सगळ्यांत मोठी, चौथ्या वर्षाला. नव्या मुलींच्या फोनवरच्या गटाची ती सर्वेसर्वा होती. असल्या गटांत काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको: कुणाला प्रेशर कुकर विकायचाय, कुणाचं मांजर हरवलंय, आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी आईच्या आठवणीनं रडणारा चेहरा टाकतं, त्याखाली चौतीस जणी तसेच चेहरे टाकतात. सगळ्या मिळून रडतात आणि दार कुणीच उघडत नाही. रुस्मीला याचा भारी संताप यायचा.

मग तिनं एक नियम काढला. प्रत्येक नवीन मुलीनं रोज एक छायाचित्र टाकायचं. आपल्या देशाच्या नसलेल्या एका माणसाचं, त्याला विचारून. खाली त्याचं नाव लिहायचं आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. नाव नसेल तर छायाचित्र चालणार नाही. पिरॅमिड चालणार नाहीत. मांजर चालणार नाही.

"मांजर का नाही?" मस्लियानीनं विचारलं. खालच्या मांजराशी तिची तेवढी ओळख झाली होती.

"मांजर तुझ्याशी अरबी बोलतं का, आदिंग?" रुस्मी म्हणाली. त्यांच्याकडे धाकट्या भावंडाला आदिंग म्हणतात. "बोलत असेल तर चालेल. ऊठ. पाच वाजायच्या आत फोटो पाहिजे, नाहीतर आज भांडी तुझ्याकडे."

भांड्यांच्या धाकानं माणूस काय काय करतो! मस्लियानी खाली उतरली. आणि इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

घोटाळा कळायला दोन गावांच्या दोन रीती माहीत हव्यात. मार्तापुऱ्यात कुणी खाताना तुम्हाला "ये, घे" म्हटलं आणि तुम्ही न खाता तसेच पुढे गेलात, तर तुमच्या मागे वाईट लागतं असं मानतात. साप चावतो, बोट उलटते, निदान पाय तरी मुरगळतो. पोट भरलेलं असेल तर चालतं, पण मग ताटाला बोटाचं टोक लावायचं आणि ते बोट ओठांना लावायचं. एवढं केलं की खाल्ल्यासारखं झालं. सहा महिन्यांच्या बाळालासुद्धा आया हे बोट लावायला शिकवतात.

आणि कैरोत? कैरोत माणूस एकटा काही खाऊच शकत नाही. त्याच्या हातात भाकरीचा शेवटचा तुकडा असो, समोरून माणूस गेला की तोंडातून आपोआप निघणार, "इत्फद्दल!" म्हणजे या, घ्या, तुमचंच आहे. समोरच्यानं छातीला हात लावून म्हणायचं, "गोड लागो!" आणि चालू पडायचं. हे दोघांनाही ठाऊक असतं. नदीच्या मध्यावर जेवत बसलेला नावाडी काठावरच्या माणसाला "या जेवायला" म्हणून हाक मारतो, तो काय पोहून येणार आहे? म्हणून कैरोचे लोक असल्या निमंत्रणाला म्हणतातच नावाड्याचं आमंत्रण. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण त्या भातावर हे शहर शेकडो वर्षं गुण्यागोविंदानं जगत आलंय.

आता या शहरात मस्लियानी उतरली, बोट पुढे करून.

पहिला सापडला छोट्या बसचा ड्रायव्हर, उस्ता सबरी. गाडी भरायची वाट बघत वड्याची भाकरी खात होता. ही चढली. "इत्फद्दली!" बाईमाणसाला म्हणतात तसं तो सवयीनं म्हणाला. हिनं वाकून त्याच्या भाकरीला बोट लावलं आणि बोट ओठांना लावलं.

सबरीचा घास तसाच राहिला. "गरम आहे की नाही ते बघतेस काय?"

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या इब्तिहाल मॅडमच्या डब्यातल्या द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांना तिनं बोट लावलं, तेव्हा मॅडमचा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं की इथे बोट लावलेलं आवडत नाही. मग तिनं स्वतःशी विचार करून निर्णय घेतला. बोट लावून चालत नसेल तर खाल्लंच पाहिजे. एक घास. आग्रह झाला तर दोन.

आणि ती खात सुटली. तुम्ही हसाल. सगळं कैरो हसलं, ते पुढे येईलच. पण या पोरीचं मला कौतुक वाटतं ते इथेच. दोन महिने पंख्याची पाती मोजणारी ही मुलगी. तिला कुणी "ये" म्हटलं, तर तो माणूस खोटं बोलत असेल असा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवला नाही. घास घेतला की ती नाव विचारायची, खाण्याचं नाव विचारायची, माणसाचा फोटो काढायची आणि गटात टाकायची. "आजचा घास: उस्ता सबरी, वडे. म्हणाले, मिरची सावकाश खा, ती कुणाची मावशी नाही." मुलींना ते इतकं आवडलं की दुसऱ्या गटांतल्या मुली मागायला लागल्या. मग रुस्मीनं तिला "आजचा घास" नावाचं वेगळं पानच काढून दिलं. थायलंडच्या मुली, कोमोरोसची, नायजेरियाची मुलं ते वाचायला लागली. वाचून वाचून तीही खाली उतरून लोकांची नावं विचारायला लागली.

पण तिचा रोजचा मुक्काम कोपऱ्यावरच्या त्या भाजीवालीकडेच. तिचं नाव उम्म हसनैन, म्हणजे हसनैनची आई; गल्लीतले लोक तिला मानानं हाज्जा म्हणायचे. साठीची, काळा पायघोळ झगा, सुजलेले गुडघे, आणि जिभेला हाड नाही. रोज दहाच्या सुमाराला ती गोणपाटावरच न्याहारी मांडायची: एक भाकर, जुनं खारवलेलं चीज, हिरवा कांदा, आणि विकायला आणलेल्या गरगीरचा तिखट पाला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना "इत्फद्दल" चालूच. त्या दिवशी "हे माते"वाली पुन्हा समोर आली. बाई म्हणाली, "इत्फद्दली," आणि पोरगी चक्क मांडी घालून बसली.

त्या चिजाचा वास असा की माशी दोनदा विचार करेल. मस्लियानीनं घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, गिळला. म्हणाली, "हे माते, हे अत्यंत प्रभावी आहे."

उम्म हसनैन एवढी हसली की तिला गुडघे धरावे लागले.

तेव्हापासून रोज दहाला पोरगी तिथे. घास खायचा आणि पाऊण तास बसून गरगीरच्या जुड्या बांधायच्या. जुड्या बांधता बांधता तिची पुस्तकी अरबी गळून पडली. हमालांच्या शिव्या कळायला लागल्या. त्यांतली एक तिनं वर्गात कौतुकानं वापरली तेव्हा प्राध्यापक हसले, आणि मग तिची बोलण्याची भीतीच गेली. चार महिन्यांत तिनं न अडखळता तोंडी परीक्षा दिली. रुस्मीला जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते या पोरीनं चार महिन्यांत केलं. रुस्मीनं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

आणि मग ती चित्रफीत आली.

कुणीतरी एक कॉलेजचा मुलगा. नाव कळलं नाही, कळून उपयोगही नाही. रस्त्यापलीकडून फोन धरून त्यानं चाळीस सेकंदांची फीत काढली. उम्म हसनैन एकाला म्हणते इत्फद्दल, तो छातीला हात लावून पुढे जातो. दुसऱ्याला म्हणते, तोही जातो. मग मस्लियानी येते, टपकन बसते आणि भाकर मोडते. खाली त्यानं लिहिलं होतं, "अरे, हिला नावाड्याचं आमंत्रण म्हणजे काय ते कुणीतरी सांगा रे!" मागे ढोलकी लावलेली.

दोन दिवसांत तीन लाख लोकांनी ते बघितलं. कैरोच्या लोकांची जीभ म्हणजे काय विचारता! "दारं लावून जेवा रे, ती आली." "माझ्या सासूला हिच्याकडे पाठवतो, दोघींचं जमेल." "गरीब बाईची एकुलती एक भाकर, तीही खाल्ली." हे शेवटचं मस्लियानीनं दहादा वाचलं. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उस्ता सबरी, इब्तिहाल मॅडम, झाडूवाला, दारावरचा राखणदार, सगळे नुसते म्हणत होते. त्यांना तिनं यावं असं वाटतच नव्हतं. चार महिने ती लोकांच्या ताटात हात घालत होती आणि लोक सभ्यपणानं गप्प बसत होते.

त्यातून तो शब्द. नावाडी. तिचे वडील नावाडी होते. पहाटे भाजीवाल्या बायकांना तरंगत्या बाजारात नेणं हाच त्यांचा धंदा. नावाडी "ये" म्हणाला म्हणजे ते खोटं, असं सगळ्या शहराला ठाऊक होतं आणि तिलाच ठाऊक नव्हतं.

आपल्या लोकांनी तर आणखी मीठ चोळलं. मायदेशच्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या गटात नाकानं कांदे सोलणारे काही कमी नसतात. "एकीमुळे सगळ्यांची लाज गेली." "आपण काय भिकारी आहोत का?" रुस्मी त्यांच्याशी रात्रंदिवस भांडत बसली, पण तिलाही स्वतःची चूक बोचत होती. चार वर्षं ती त्या कोपऱ्यावरून गेली होती. नियम तिला माहीत होता. हसायचं आणि पुढे जायचं. तिनं तो आदिंगला सांगितला नव्हता, कारण पोरीची ती छायाचित्रं बघायला तिला आवडत होतं.

तिसऱ्या दिवशी फीत मार्तापुऱ्याला पोहोचली. जुलाकनं, म्हणजे थोरल्या काकांनी, ती घरच्या गटात टाकली. तिथली संध्याकाळ झाली तसा आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, फोन आला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला तिथे पोटभर मिळत नाही का गं?" त्यांनी विचारलं. "मी कमी पाठवतो का?"

"नाही आबा, तसं नाही..."

"मग लोकांचं का खातेस? लोक हसताहेत. मला त्यांची भाषा कळत नाही, पण हसणं कळतं." मागे बोटीचं इंजिन चालू होतं. "घरी ये. बंजरमासीनला कॉलेज आहे. जुलाक तिकिटाचं बघतोय, पुढच्या गुरुवारचं."

मस्लियानीला ओरडून सांगावंसं वाटलं की मला यायचं नाहीये. मला आत्ता कुठे हे गाव कळायला लागलंय. सकाळी जाग आली की आता मला पंखा नाही, खालचा लिंबूवाला ऐकू येतो. पण ज्या गावाला आपण नकोच होतो, तिथे राहायचंय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? ती म्हणाली, "बरं आबा."

तिनं "आजचा घास" बंद करून टाकलं. वर्गात जायला मागच्या गल्लीनं वीस मिनिटांचा वळसा घ्यायला लागली. पंख्याला अजून चारच पाती होती.

नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी, बुधवारी, साडेदहा वाजता दारावर थाप पडली. मस्लियानी आतल्या खोलीत बॅग भरत होती. रुस्मीनं दार उघडलं.

दारात उम्म हसनैन. डोक्यावर पत्र्याची परात, एक हात भिंतीला, तोंड लाल, आणि दम असा लागलेला की बोलताच येईना. त्या इमारतीला लिफ्ट नाही. त्या बाईला गोणपाटावरून उठायला दोन माणसं लागतात.

"पाणी," ती म्हणाली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "ती खाणारी कुठंय?"

"कोण?"

"खाणारी गं! जुड्या बांधते ती. सगळ्या गल्लीला विचारत आले, ती खाणारी पोर कुठे राहते. लिंबूवाला मेला दात काढतो पण सांगत नाही. राखणदार म्हणतो, जाऊ दे हाज्जा, ती चालली तिच्या देशाला. चालली म्हणजे? मला न सांगता?"

आवाज ऐकून मस्लियानी बाहेर आली. उम्म हसनैननं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जिवंत आहेस! मग काय झालं? पहिले दोन दिवस वाटलं, परीक्षा असेल. मग वाटलं, आजारी पडली. मग माझ्या मनात आलं की माझं चीज बाधलं. तीन रात्री झोपले नाही मी. परक्याची पोर, आपल्या हातचं खाऊन मेली तर देवाला काय सांगू?"

रुस्मीनं फोन काढला आणि ती फीत बाईला दाखवली. उम्म हसनैनकडे स्वतःचा साधा, बटणांचा फोन. असलं काही तिनं जन्मात बघितलं नव्हतं. तिनं फोन नाकाजवळ धरला.

"अगं बाई, हा माझा रुमाल बघ कसा घसरलाय! कुणी सांगायचं नाही का?" मग पुन्हा बघितलं. खालचं लिहिलेलं रुस्मीनं वाचून दाखवलं. बाईचं हसू मावळलं. "हे काढलं कुणी? तो निळ्या शर्टवाला? पलीकडे फोन घेऊन उभा होता तो? त्यालासुद्धा इत्फद्दल म्हटलं होतं मी! हात हलवून गेला. उपाशी मेला तो उपाशी, आणि हसतो कुणाला, तर खाणाऱ्याला!"

"पण तो खरंच बोलतोय," मस्लियानी म्हणाली. आता तिला रडू आवरेना, आणि रडता रडता तिची जुनी पुस्तकी अरबी परत आली. "हे माते, मला ज्ञात नव्हतं. तुम्ही केवळ शब्द उच्चारत होतात. मी तुमची भाकर भक्षण केली. एकच होती."

उम्म हसनैन जमिनीवरच बसली. गुडघे पुढे पसरले, परात मांडीवर घेतली.

"खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "तीस वर्षं त्या कोपऱ्यावर बसते मी. दिवसातून शंभरदा इत्फद्दल म्हणते. जिभेची सवय. कुणी थांबत नाही, थांबावं असं मला वाटतही नाही. पहिल्या दिवशी तू बसलीस ना, तेव्हा मी मनात म्हटलं, मेली खरंच बसली की! आता मी काय खाऊ? त्या दिवशी अर्धपोटी राहिले मी. तुला शिव्या घातल्या. घातल्या, हो."

मस्लियानीनं मान खाली घातली.

"अगं, बघ तर माझ्याकडे! पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवर गेले आणि म्हटलं, दोन दे. भट्टीवाला म्हणतो, पाहुणे आलेत का हाज्जा? मी म्हटलं, हो, पाहुणी आहे माझी. हसनैन परदेशी गेल्यापासून मी दोन भाकरी मागितल्या नव्हत्या कुणाकडे. तेव्हापासून रोज दोन. मी विकत घेते, मी मोडते, मी तुझ्यापुढे ठेवते. आणि तो निळा शर्ट मला सांगतो, मी नुसतं म्हणत होते? त्याला काय ठाऊक मी काय म्हणत होते ते!"

तिनं परातीवरचं फडकं काढलं. आत भाकरीचा ढीग होता, चिजाची वाटी, कांद्याच्या पाती, धुतलेला हिरवागार गरगीर.

"नऊ दिवस दोन दोन आणल्या. रोज एक शिळी झाली. आज म्हटलं, बास. कोपऱ्यावर येत नाही ना? मग मीच जाते."

रुस्मी दाराला टेकून उभी होती ती परातीजवळ येऊन बसली. चार वर्षांत या बाईचं नावसुद्धा आपण विचारलं नव्हतं, हे तिला आठवलं आणि फार लाज वाटली. तिनं हात पुढे केला. "हाज्जा, मी पण घेऊ?"

"ही बघा! आज उगवली! घे की, तुला काय मी अडवलं होतं?"

तेवढ्यात मस्लियानीचा फोन वाजला. मार्तापुऱ्यात संध्याकाळचे साडेचार वाजून गेले होते, आबा बोट बांधून घरी निघायच्या आधी रोज याच वेळेला बोलायचे. तिनं डोळे पुसले आणि फोन उचलला. पडद्यावर आबा, मागे नदी.

"बॅग झाली का?" आबांनी विचारलं. मग त्यांना तिचा चेहरा दिसला. "काय झालं?"

"आबा, त्या आल्यात."

"कोण त्या?"

"फितीतल्या. ज्यांची भाकर मी खात होते. मी जात नव्हते ना, म्हणून बघायला आल्यात. चार मजले चढून. त्यांचे गुडघे सुजलेत आबा, त्यांना चालता येत नाही."

आबांनी बोटीच्या इंजिनाला हात घालून ते बंद केलं. "चार मजले?"

"चार. डोक्यावर परात घेऊन." आणि मग जे नऊ दिवस ती बोलली नव्हती ते बाहेर पडलं. "आबा, मला यायचं नाहीये. तुम्ही म्हणालात तर येईन, पण मला यायचं नाहीये. मला इथे राहायचंय."

आबांनी मान वळवून नदीकडे बघितलं. त्यांच्यामागे एक बोट गेली, पाणी हललं.

उम्म हसनैनला त्यांच्या बोलीतलं अक्षर कळत नव्हतं. पण रडणारी पोर आणि फोनातला गप्प पुरुष म्हणजे बाप, एवढं तिला कळलं. तिनं मस्लियानीच्या हातातून फोन घेतला आणि आरशासारखा तोंडापुढे धरला.

"सलाम! तुम्ही हिचे वडील का? किती वाळलात हो, घरात कुणी वाढत नाही की काय?" तिनं भाकर मोडली, तुकड्यावर चीज थापलं आणि तो तुकडा पार फोनाला टेकेपर्यंत पुढे नेला. "इत्फद्दल! घ्या! चांगलं आहे, तुमच्या मुलीला विचारा!"

पडद्यावर आबा त्या तुकड्याकडे बघत राहिले, मग बाईच्या घामेजल्या, लाल चेहऱ्याकडे. मग त्यांनी उजवा हात सदऱ्याला पुसला. त्यांचं बोट पुढे आलं, दोरांनी सोलवटलेलं, जाड बोट. ते एवढं मोठं झालं की पडदा सगळा त्यानंच भरला. क्षणभर ते तिथेच टेकून राहिलं. मग मागे गेलं, आणि आबांनी ते ओठांना लावलं.

"तिला माझा सलाम सांग," ते मुलीला म्हणाले. "आणि उद्या त्या कोपऱ्यावर रिकाम्या हातानं जाऊ नकोस. परवाही नको. घरून काय पाठवायचं ते तुझी आई बघेल. जुलाकला मी सांगतो."

मस्लियानी फरशीवर बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

"काय म्हणाला? काय म्हणाला?" उम्म हसनैननं घाबरून रुस्मीला विचारलं. "मी काही चुकीचं बोलले का? आणि ते बोटानं काय केलं त्यानं?"

"खाल्लं त्यांनी, हाज्जा," रुस्मी म्हणाली. "आमच्याकडे असंच खातात. आणि ती राहणार आहे."

"मग रडायचं काय त्यात!" उम्म हसनैन म्हणाली, आणि स्वतःच रुमालाच्या टोकानं डोळे पुसायला लागली. मग तिला काहीतरी आठवलं. तिनं परातीतली कांद्याची एक पात उचलली आणि पुन्हा फोनापुढे धरली. "थांब, ठेवू नको म्हणावं. नुसतं चीज खाल्लंय त्यानं, कांदा राहिला."